पत्ता तोच, घर निराळे

हजारो सर्व्हर एका छपराखाली मांडलेल्या डेटा सेंटरमध्ये माहितीच्या पाकिटाला वाट कोण दाखवते, हे कला शाखेच्या विद्यार्थ्याने कशाला विचारावे, असे कोणी म्हणेल. परंतु आपला पैसा, निकाल आणि निरोप ज्या यंत्रणेतून जातात, ती समजून घेण्यास शाखेची आडकाठी नसावी.

वाट दाखविण्याच्या रीती दोन. एकीत माणूस प्रत्येक राउटरला वाटा हाताने लिहून देतो. तार तुटली की लिहिलेली वाट खोटी ठरते. दुसरीत राउटर शेजाऱ्यांशी बोलून वाटा शिकतात. या बोलण्याचे नियम म्हणजे प्रोटोकॉल. त्यांतील बीजीपीचा पहिला आराखडा १९८९ साली कर्क लॉहीड व याकोव्ह रेख्टर यांनी जेवताना कागदी रुमालांवर मांडला. तो होता इंटरनेटवरील मोठी जाळी परस्परांशी जोडण्यासाठी. पण पुढे डेटा सेंटरच्या आतही तोच आला, आणि २०१६ च्या आरएफसी ७९३८ या दस्तऐवजात त्याची रीत नोंदली गेली.

राउटरला सांगायचे ते थोडकेच : तुझा क्रमांक अमुक, शेजारी तमुक, आणि तुझ्या दारी ही ही जाळी आहेत. क्रमांक खासगी वापरासाठी राखलेल्या ६४५१२ ते ६५५३४ यांतून घेता येतो. मधल्या 'स्पाइन' राउटरांना मिळून एकच क्रमांक देतात. सर्व्हरांच्या कपाटावरील प्रत्येक 'लीफ' राउटरला मात्र निराळा. यामागील कारण मार्मिक आहे. बीजीपीतील प्रत्येक बातमी ज्या ज्या क्रमांकांतून आली त्यांची यादी बरोबर आणते, आणि त्या यादीत स्वतःचा क्रमांक दिसला की राउटर ती टाकून देतो. त्यामुळे एका स्पाइनची बातमी लीफमार्गे दुसऱ्या स्पाइनकडे गेली, तरी तिथे थारा मिळत नाही, आणि पाकिटे गोल गोल फिरत नाहीत.

खरी गंमत आभासी यंत्रांची. एका सर्व्हरच्या पोटात अनेक आभासी यंत्रे नांदतात, आणि त्यांतील एखादे चालू असतानाच दुसऱ्या सर्व्हरवर हलविता येते. पत्ता तोच, घर निराळे! आमच्याकडे ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा पत्ता गावचाच राहतो, टपाल मात्र फडावर पोचवावे लागते, तसेच हे. यावर तोड म्हणजे व्हीएक्सलॅन : मूळ पाकीट दुसऱ्या लिफाफ्यात घालून वर नव्या मुक्कामाचा पत्ता लिहायचा. मुक्काम कळविण्याचे काम बीजीपीचीच ईव्हीपीएन ही शाखा करते. प्रत्येक स्थलांतराबरोबर अनुक्रमांक एकाने वाढतो. मोठा क्रमांक सांगणाराच खरा. १८० सेकंदांत ५ वेळा घर बदललेले दिसले, तर एकच पत्ता दोघे वापरीत असल्याची शंका घ्यावी, असा संकेत आहे.

एवढी शहाणी व्यवस्थाही ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकला वाचवू शकली नाही. देखभालीच्या एका आज्ञेने डेटा सेंटरांना जोडणारे सारे दुवे तुटले. चुकीच्या आज्ञा रोखणाऱ्या तपासणी-साधनातच दोष होता. डेटा सेंटर दिसेनासे झाल्यावर नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरांनी, ठरल्या नियमाप्रमाणे, बीजीपीतून आपली घोषणा मागे घेतली, आणि व्हॉट्सॲपसकट सगळे सुमारे सहा तास बंद पडले. लोकांनी बीजीपीला दोष दिला; माझ्या मते तो अन्याय होता, कारण त्याने सांगितले तेच केले. दुरुस्तीसाठी अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरवर जावे लागले, आणि कडक बंदोबस्तामुळे आत शिरून यंत्रांना हात लावण्यातच बराच वेळ गेला.