गोपुरीचे दूध आणि हिशेब



दान करावे आणि विसरून जावे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण दयेच्या कामात हिशेब ठेवायचा की नाही? ऐन युद्धकाळात वर्ध्यात हा प्रश्न गाईच्या गोठ्यात उभा राहिला होता.

१९४१ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, उद्योगपती जमनालाल बजाज तुरुंगातून सुटले. प्रकृती खालावली होती. गांधीजींनी त्यांच्यावर गोसेवेचे काम सोपवले. ३० सप्टेंबर १९४१ रोजी गोसेवा संघ स्थापन झाला आणि जमनालालजी घर सोडून गोपुरीला झोपडीत राहायला गेले.

पांजरपोळ तेव्हाही होते. देणगी गोळा करायची आणि म्हातारी, भाकड जनावरे पोसायची, ही त्यांची रीत. गांधीजींना ती अपुरी वाटे. चांगला वळू ठेवा, दूध वाढवा, शेण वाया घालवू नका, मेलेल्या जनावराचे कातडेसुद्धा कमवा, असा त्यांचा आग्रह होता. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालय त्यासाठीच चालले होते. देवभोळ्या माणसाला हे रुक्ष वाटेल. पण गाय मालकाला परवडली नाही, तर ती खाटकाकडेच जाणार. मुंबईच्या तबेल्यांत आटलेल्या म्हशींचे तेच होत असे. पुन्हा विण्यापर्यंत त्यांना शहरात पोसणे गवळ्याला झेपत नसे.

म्हणून संघाच्या सभासदाला नियम होता: दूध-तूप गाईचेच घ्यायचे आणि चामडे नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचेच वापरायचे. दाट सायीच्या म्हशीच्या दुधाची सवय सोडणे सोपे नव्हते. पण दया स्वतःच्या ताटापासून सुरू झाली ती अशी. शुभवर्तमानातल्या दयाळू शमरोनीनेही जखमीला उतारशाळेत नुसते सोडले नाही. दोन दीनार मोजून दिले आणि जास्त खर्च झाल्यास परतताना फेडण्याचे कबूल केले, हे आपण वाचताना विसरतो.

युद्धामुळे पशुधनावरचा ताण वाढतच होता. अखेर १९४४ मध्ये सरकारलाच कामाच्या बैलांच्या, दुभत्या आणि गाभण जनावरांच्या कत्तलीवर निर्बंध घालावे लागले. ते पाहायला जमनालालजी नव्हते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, सिंगापूर पडण्याच्या चार दिवस आधी, ते वारले. पत्नी जानकीदेवींना सती जावेसे वाटत होते. गांधीजींनी त्यांना पतीचे अपुरे काम हाती घ्यायला सांगितले. जानकीदेवींनी आपली संपत्ती गोसेवेला दिली आणि संघाची धुरा उचलली.