फ्रिजमधला सडका वास : कारण आणि उपाय



गळीत हंगाम आटोपला, मिलची खोलाखोल सुरू झाली, आणि इकडे नागपूरकडचा मे महिना तापू लागला. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशाच दिवसांत घराला कुलूप लावून मंडळी चार-चार दिवस लग्नाला जातात. मागे वादळाने तार तुटते, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो. परत येऊन फ्रिज उघडावा तर आत मटण, मासळी, दूध सारं सडलेलं. सामान फेकले, फ्रिज पुसला, तरी महिना महिना वास हटत नाही. चांगला चालता फ्रिज निव्वळ वासापायी भंगारात काढायची पाळी येते.

ऊस विकास विभागाने फ्रिजवर का लिहावे, असे कुणी म्हणेल. पण ही गोष्ट आपल्या धंद्यातलीच आहे. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की जंतू त्यातली साखर खातात आणि रस आंबतो. मिलच्या सांदीकोपऱ्यात रस साचला तर तिथे बुळबुळीत थर धरतो; म्हणून गाळप चालू असताना मिल गरम पाण्याने आणि वाफेने धुतात. फ्रिजचेही तसेच. अत्तर, उदबत्ती किंवा लिंबाची फोड ठेवून वास झाकला जातो, जात नाही. तो निघतो कुठून, ती जागा आधी शोधली पाहिजे.

वास कुठे दडतो?

सडलेल्या अन्नाचे पाणी चार जागी जिरून बसते. पहिली, दाराच्या रबराच्या घड्या. दुसरी, भाजीच्या खणाखालची सपाटी. तिसरी, आत मागच्या बाजूचे पाणी जायचे भोक व त्याची नळी. चौथी, फ्रिजच्या पाठीमागे कॉम्प्रेसरवर असलेला पाण्याचा ट्रे. ही चौथी जागा बहुतेकांना ठाऊकच नसते. वरून आतले प्लास्टिक आणि रबरही वास धरून ठेवतात, म्हणून एकदा पुसून काम भागत नाही.

साफ करण्याचा क्रम

१. आधी प्लग काढा. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधून सडके सामान बाहेर काढा. ते विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात पुरा. जनावरांपुढे किंवा कुत्र्यांपुढे टाकू नका.

२. फ्रीजरमधला बर्फ आपोआप वितळू द्या. सुरीने किंवा पेचकसाने खरवडू नका. नळीला भोक पडले तर गॅस निघून जातो, आणि आजच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमधला गॅस पेट घेणारा असतो.

३. खण व जाळ्या काढून साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. थंडगार काच एकदम गरम पाण्यात घालू नका, तडकते. आतली भिंत साबणाच्या पाण्याने पुसा. रबराच्या घड्या जुन्या दातघासणीने घासा. पाण्याच्या नळीत थोडे थोडे कोमट पाणी सोडा आणि मागचा ट्रे धुवा.

४. आता वासाची जात ओळखा. दूध, दही, वरण-भात आंबला असेल तर वास आंबट, म्हणजे आम्लाचा. त्यासाठी १ लिटर कोमट पाण्यात खाण्याच्या सोड्याचे २ मोठे चमचे घालून पुसा. मासळी-मटणाच्या उग्र वासात अल्काचा अंश असतो. तिथे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे वापरा. कारखान्यात रस निवळताना चुना आणि गंधकाचा धूर देऊन तोल साधतात, तसाच हा प्रकार. मात्र सोडा आणि व्हिनेगर एकत्र कालवू नका. दोन्हींचा जोर एकमेकांत मरतो. एक पुसून, साध्या पाण्याने धुऊन, मग दुसरे वापरा.

५. कोरड्या फडक्याने पुसून दार एक-दोन दिवस उघडे ठेवा, जमल्यास समोर पंखा लावा. दार मिटणार नाही असे दोरीने पक्के बांधा. खेळता खेळता लेकरू आत अडकले तर जीव जातो.

६. तरीही वास राहिला तर प्रत्येक खणात जुन्या वर्तमानपत्राचे चुरगाळलेले बोळे भरा, मधे ताटलीत कुटलेला कोरडा लाकडी कोळसा ठेवा आणि दार लावून घ्या. कागद दररोज बदला. असे पाच-सहा दिवस करा. कोळशाच्या असंख्य बारीक छिद्रांत वास धरला जातो. साखर शुद्ध करणाऱ्या रिफायनऱ्यांत रसाचा रंग काढायला खास तयार केलेला कोळसा वापरतात, तो याच गुणामुळे.

ब्लीचिंगचे पाणी आणि संडास साफ करायचे ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद खोलीत घातक ठरतो.

एवढे करूनही वास आला तर सडके पाणी भिंतीतल्या फोमपर्यंत मुरलेले असू शकते. मग मेकॅनिकला दाखवून, दुरुस्ती परवडते की नाही ते ठरवावे.

वास गेला म्हणजे अन्न चांगले, असे नाही

हे सर्वांत महत्त्वाचे. आजार करणारे कित्येक जंतू वास सोडत नाहीत. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. दार बंद असेल तर वीज गेल्यावर फ्रिजमधले अन्न साधारण ४ तास टिकते. गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. आपल्या उन्हाळ्यात ही मुदत ताणू नका. घरात कुणाचे इन्शुलिन फ्रिजमध्ये असेल तर ते तापल्यावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नका.

गावाला जाण्यापूर्वी एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवा. परत आल्यावर नाणे वरच असेल तर बर्फ टिकला. तळाशी गेले असेल तर मागे बर्फ वितळून पुन्हा गोठला असे समजा आणि फ्रीजरमधले सामान फेकून द्या. मटणाचे चार पैसे जातील, पण लेकराबाळांचा दवाखाना वाचेल.