दाबाचें पाणी व मोटारीची धुलाई

पाणी मऊ आहे असें आपण म्हणतों, व ओंजळींत घेतलें असतां तें तसेंच वाटतें. परंतु तेंच पाणी मोठ्या दाबानें बारीक छिद्रांतून बाहेर पडूं लागलें म्हणजे त्याचा स्वभाव अगदीं पालटतो. मोटारी व मोटारसायकली धुण्याचें दाबयंत्र पूर्वीं फक्त दुकानांत दिसे. आतां तें घरोघरींहि येऊं लागलें आहे. सुटीच्या दिवशीं वडिलांस मदत करण्यास मुलें हौसेनें पुढें होतात. ही हौस चांगली. मात्र यंत्राची नळी हातीं घेण्यापूर्वीं तिच्यांतील पाण्याचें बळ किती, हें समजून घेतलें पाहिजे.

बारवी धरणाचें पाणी जांभूळच्या केंद्रांत शुद्ध होऊन दूरदूरच्या शहरांस व कारखान्यांस जातें, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. घरच्या नळांत पाण्याचा दाब बहुधा ३-४ बारांहून अधिक नसतो; १ बार म्हणजे सुमारें वातावरणाचा दाब. धुलाईच्या लहानशा यंत्रांतील पंप हाच दाब १०० बारांच्या आसपास नेतो. म्हणजे नखाएवढ्या, १ चौरस सेंटिमीटर जागेवर, सुमारें १०० किलोग्रॅमचा भार! वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं दाबाच्या दुपटीस पाण्याच्या घनतेनें भागून वर्गमूळ काढावें; पाण्याचा वेग सेकंदास सुमारें १४० मीटर, म्हणजे तासास ५०० किलोमीटर, येईल.

अशा धारेनें कातडीस भोंक पडतें. जखम टांचणीच्या टोकाएवढी दिसते, रक्त फारसें येत नाहीं, व प्रथम दुखतेंहि थोडें. येथेंच मनुष्य फसतो. पाण्याबरोबर तेल, साबण व माती आंत दूरवर शिरलेलीं असतात. कांहीं तासांत हात सुजतो, रक्तप्रवाह कोंडतो, आणि उपचारास उशीर झाल्यास बोट कापण्याची पाळी येते. म्हणून अशा जखमेवर हळद दाबून घरीं बसूं नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत तत्काळ जावें, व जखम दाबाच्या पाण्याची आहे असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. नाहींतर तेही लहान जखम समजण्याचा संभव असतो.

यावरून पहिला नियम निघतो : धार मनुष्यावर किंवा जनावरावर, थट्टेनेंसुद्धां, कधींहि रोखूं नये. चिखलाचे पाय किंवा पायांतील चपला या धारेनें धुण्याची कित्येकांस संवय असते, ती सोडावी. डोळ्यांवर चष्मा व पायांत रबरी बूट असावे. पाणी आणि वीज यांची येथें गांठ पडते. याकरितां तीन कांट्यांचा प्लग, नीट अर्थिंग व गळती होतांच वीज तोडणारी कळ यांवांचून यंत्र चालवूं नये. वायरचा जोड ओल्या जमिनीवर पडूं देऊं नये. यंत्र बंद केल्यावरहि नळींत दाब उरतो. चाप दाबून तो सोडून द्यावा, मगच नळी काढावी.

मोटार धुतांना पसरट धार वापरावी. पुष्कळ यंत्रांबरोबर निरनिराळ्या रंगांच्या तोट्या मिळतात. त्यांतील तांबडी एकधारी असून पांढरी ४० अंशांत पसरते. मोटारीस तांबडी लावूंच नये. आरंभ एक मीटरावरून करून हळूहळू जवळ यावें; ३० सेंटिमीटरांच्या आंत मात्र येऊं नये. टायरची बाजू धारेनें दुखावली तर तें वरून कळत नाहीं, आणि पुढें भर रस्त्यांत टायर फुटतो.

इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज त्यास पाणी लावूं नये. बॅटरी, फ्यूजची पेटी, अल्टर्नेटर व हवेचा फिल्टर यांवर दाबाची धार मुळींच मारूं नये. ब्रश, साबण व ओलें फडकें यांनींच काम उत्तम होतें. सन २०१९ च्या जुलैच्या २७ तारखेस उल्हास नदीच्या पुरांत बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, तें पालकांस आठवत असेल. अशा पुरानंतर गाडी धुण्याआधीं तिच्या इंजिनांत पाणी शिरलें आहे काय, हें कारागिराकडून पाहून घ्यावें. तोंवर तें सुरू करूं नये. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत कोंडलेल्या पाण्यावर दट्ट्या आदळला कीं त्याचा दांडा वांकतो.

शेवटीं, इंजिनाचें तेलकट पाणी गटारांतून नाल्यास व नाल्यांतून नदीस मिळतें. तेल आधीं फडक्यानें पुसून घ्यावें व तें फडकें नीट वेगळें ठेवावें. ज्या नदीचें पाणी आपण पितों, तिला आपल्या मोटारीचा मळ देणें शोभत नाहीं.

यंत्र वाईट नाहीं. त्यानें श्रम वांचतात. पण शुद्ध झालेली मोटार आणि जायबंदी झालेला हात, यांचा व्यवहार कोणत्याहि घरास परवडणार नाहीं. लहान मुलांनीं चाप हातीं घेऊं नये, व मोठ्यांनीं तो त्यांच्या हातीं देऊं नये, इतकें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.