मजुरी हे मालकावरील ऋण

केलेल्या कामाची मजुरी ही मालकाची कृपा नव्हे. ते त्याच्यावरील ऋण होय. १९३६ च्या वेतन कायद्याने हे तत्त्व मान्य केले व २०१९ च्या वेतन संहितेने ते अधिक दृढ केले. संहितेप्रमाणे मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळाले पाहिजे. जादा कामाचा मोबदला नेहमीच्या दराच्या निदान दुप्पट असला पाहिजे. मजुरी थकल्यास ३ वर्षांच्या आत नियुक्त अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि पैसे दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावरच असतो. मात्र जादा तास किती भरले, हे सांगावयास आपल्यापाशी टिपण हवे. आपल्या घरचे कोणी कारखान्यात वा दुकानात राबत असेल, तर त्याचे दिवस व तास रोज वहीत लिहून ठेवण्याचे काम आपण अंगावर घेऊ या. आपल्या अक्षरज्ञानाचा याहून चांगला उपयोग कोणता?