नित्यकर्मातील कंटाळा आणि आवृत्तीचे फळ

साधकाची परीक्षा मोठ्या प्रसंगी होते, असा सामान्य समज आहे. संकट, निंदा, वियोग यांपैकी काही ओढवले म्हणजे मन आपोआप सावध होते व कसाबसा का होईना, धीर धरते. परंतु अधिक कठीण परीक्षा काहीच न घडणाऱ्या दिवशी होते. कालचेच स्मरण, कालचीच भिक्षा, कालचाच पाठ. वासनिकाच्या घरी तीच चूल, तेच पाणी, तीच नोकरी. अशा दिवशी मन उघड विरोध करीत नाही; ते हळूच निसटते. या निसटण्यास व्यवहारात कंटाळा म्हणतात. त्याचा विचार करणे येथे उद्दिष्ट आहे.

पुन्हा पुन्हा करावयाची कामे वरवर सारखी दिसली तरी त्यांची फळे सारखी नसतात. फळाच्या दृष्टीने आवृत्तीचे तीन प्रकार करता येतात : साठणारी, राखणारी आणि मुरणारी. कोणत्या आवृत्तीचे फळ कोठे शोधावे हे न कळल्यामुळेच बहुतेक कंटाळा उत्पन्न होतो.

साठणाऱ्या आवृत्तीचे उदाहरण म्हणजे भाताची लावणी. रायगड जिल्ह्यातील पोलादपूर तालुका सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेला असून तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उन्हाळ्यात राब भाजावयाचा, पावसाच्या आरंभी पेरावयाचे, तीन आठवड्यांची रोपे उपटून मुठी बांधावयाच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात ती लावावयाची, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दोन चुडांत वीस व दोन ओळींत पंधरा सेंटिमीटर अंतर धरले तर एका गुंठ्यात सुमारे ३,३०० चूड बसतात. म्हणजे दहा गुंठ्यांच्या लहानशा शेतातही तेहतीस हजार वेळा हात चिखलात जातो. याच तालुक्यातील उमरठ हे गाव नरवीर तानाजी मालुसरे यांच्यामुळे प्रसिद्ध आहे. सिंहगडावरील १६७० सालची ती एक रात्र इतिहासाने लक्षात ठेवली, ते योग्यच झाले. परंतु त्या गावाचे पोट भरले ते दरसाल वाकणाऱ्या पाठींनी. एका चुडाकडे पाहिले तर त्यात काहीच नाही. संध्याकाळी मागे वळून पाहिले तर खाचर हिरवे झालेले दिसते. या आवृत्तीत फळ दृष्टीस पडते, म्हणून तिचा कंटाळा तुलनेने सोसवतो.

दुसरी आवृत्ती राखणारी होय. तिचे फळ दिसत नाही, कारण काही न बिघडणे हेच तिचे फळ. झाडलेली जागा उद्या पुन्हा मळते, घासलेले भांडे पुन्हा खरकटे होते. महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात कोसळला. दोन एस.टी. गाड्या व अन्य वाहने प्रवाशांसह वाहून गेली. पुढे जून २०१७ मध्ये नवा पूल वाहतुकीस खुला झाला. त्या दुर्घटनेच्या कारणांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. परंतु एवढे सर्वांना मान्य व्हावे की, पूल उभा असेतोवर त्याचे पाये तपासणे हे जगातील अत्यंत नीरस काम वाटते, आणि त्या कामाचे मोल पूल नसलेल्या सकाळी कळते. घरातील स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा, आश्रमातील झाडलोट ही सर्व कामे याच जातीची आहेत. त्यांत प्रगती शोधणारा निराश होतो. ‘आज हे मजमुळे टिकले’ असे पाहणारा टिकून राहतो.

तिसरी आवृत्ती मुरणारी. तिचे फळ बाहेर नसून करणाऱ्याच्या ठायी असते. स्मरण, पाठ व चिंतन यांत येतात. याचे प्रमाण पंथाच्या इतिहासातच आहे. शके १२०० च्या सुमारास पंडित म्हाइंभटांनी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळा संकलित केल्या. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना पुन्हा पुन्हा विचारून आणि श्रीनागदेवाचार्यांकडून शहानिशा करून घेऊन हा संग्रह सिद्ध झाला. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. तेव्हा ज्यांनी ती नित्य घोकली होती त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. हिराइसांचा पाठ म्हणून ओळखला जाणारा पाठ याच स्मरणशक्तीची साक्ष होय. घोकणाऱ्यांना कोणत्याही एका दिवशी नवे काही मिळाले असेल असे नाही. तथापि पोथी गेली त्या दिवशी ग्रंथ गेला नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लीळाचरित्रात पूजावसर, आरोगणा, विहरण, पहुड हे शब्द वारंवार येतात. दिनचर्येतील लहानसहान गोष्टी सांगण्यास त्या भक्तांना संकोच वाटला नाही. ज्यांवर प्रेम आहे त्यांचे रोजचे वागणे शिळे होत नाही, हेच यातून दिसते.

येथे अशी शंका येईल की, कंटाळलेल्या मनाने केलेले स्मरण यंत्रवत् होते. ते न केलेले बरे नव्हे काय? याचे समाधान असे की, यंत्रवत् स्मरण पूर्ण नव्हे, पण व्यर्थही नव्हे. ते वाट मोकळी ठेवते. वापरात असलेल्या पाऊलवाटेवर गवत माजत नाही. म्हणून मन परत येते तेव्हा त्याला वाट सापडते. नियम मोडला त्या दिवशी स्वतःस दोष देत बसण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पुन्हा आरंभ करावा.

दुसरी शंका : मग प्रत्येक कंटाळा हा साधकाचा दोषच मानावा काय? तसेही नाही. पुष्कळदा तो थकवा असतो. पोलादपुरातील कित्येक घरांतून पुरुष पोटासाठी मुंबईस गेले आणि शेत, गोठा व चूल घरच्या स्त्रीच्या एकटीच्या वाट्यास आली. अशा माउलीस उत्साहाचा उपदेश करण्याआधी तिच्या हातातील हंडा उचलावा. घरातील एकाचे निवांत स्मरण दुसऱ्याच्या न संपणाऱ्या कामावर उभे असेल, तर त्या स्मरणाचा विचार करणाऱ्याने पुन्हा केला पाहिजे. लावणीचा कंटाळा लोकांनी कसा जिंकला, तेही पाहावे. एका ओळीत उभे राहून, गाणी म्हणत, आज एकाच्या शेतावर तर उद्या दुसऱ्याच्या, असे ते काम होते. आणि नजर सगळ्या शेतावर नसून हातातील मुठीवर असते.

तात्पर्य, नीरस काम समोर आले असता प्रथम त्याची जात ओळखावी. साठणारे असेल तर संध्याकाळी मागे वळून पाहावे. राखणारे असेल तर काय टिकले ते पाहावे आणि ते काम वाटून घ्यावे. मुरणारे असेल तर फळ मोजूच नये. वेळ तेवढी चुकवू नये. इत्यलम्.