घटक ४ : उद्योगांपुढील आर्थिक अडसर आणि प्रादेशिक विकास

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• ‘मागास’, ‘अनुशेष’ आणि ‘अडसर’ या संज्ञांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• कापसापासून कापडापर्यंतच्या साखळीच्या आधारे उद्योगांपुढील आर्थिक अडसरांचे विश्लेषण करता येईल.
• प्रोत्साहन योजनांची उपयुक्तता व मर्यादा सांगता येतील.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कापूस मुख्यतः विदर्भ, मराठवाडा व खानदेशात पिकतो. यंत्रमागांची मोठी केंद्रे मात्र भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी ही आहेत. त्यांतील इचलकरंजीच्या परिसरात तर ऊस पिकतो. असे का झाले, हा प्रश्न विचारला की अनेक उत्तरपत्रिकांत एक वाक्य आढळते : ‘कापूस पिकवणाऱ्या भागातील लोकांत उद्यमशीलता कमी आहे.’ हे वाक्य लिहिणाऱ्यांत त्याच भागातील विद्यार्थीही असतात. आपल्याच माणसांविषयीचा हा निष्कर्ष आपण इतक्या सहज का स्वीकारतो? त्याचे एक कारण आपण वापरत असलेल्या शब्दांत दडलेले आहे. म्हणून प्रथम शब्दांचा आणि नंतर व्यवहाराचा विचार करू.

४.३ विषय विवेचन

४.३.१ तीन शब्द, तीन दृष्टी

‘हा तालुका मागास आहे’ या वाक्याची रचना पाहा. ‘मागास’ हे विशेषण आहे. उंची किंवा रंग यांप्रमाणे ते तालुक्याचा अंगभूत गुण सांगते. तालुका मागे कशामुळे राहिला, हा प्रश्न या वाक्यात उमटतच नाही.

‘अनुशेष’ हा शब्द हिशेबातला आहे. ‘शेष’ म्हणजे उरलेले; अनुशेष म्हणजे द्यावयाचे असून मागे राहिलेले. प्रादेशिक असमतोलाच्या चर्चेत हा शब्द रूढ झाला तो अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीमुळे. समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्ह्याची स्थिती राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिली आणि १९८४ च्या अहवालात सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष मांडला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के होता. या एका शब्दाने प्रश्न स्वभावाच्या कक्षेतून काढून देण्याघेण्याच्या कक्षेत आणला, हे त्याचे मोठे कार्य होय.

परंतु अनुशेष मोजतो त्या लोकसुविधा. रस्ता झाला, वीज आली, तरी कारखाना येईलच असे नाही. त्यासाठी तिसरा शब्द हवा. ‘अडसर’ म्हणजे दार बंद राहावे म्हणून त्यामागे लावायची दांडी. अडचण आपोआप उद्भवू शकते. अडसर कोणीतरी लावलेला असतो, म्हणून तो काढताही येतो. उद्योगापुढील प्रत्येक अडथळ्याविषयी ‘ही अडचण आहे की अडसर?’ असे विचारणे हीच या घटकाची अभ्यासपद्धती आहे.

४.३.२ एका क्विंटल कापसाचा प्रवास

शेतातून आलेल्या एक क्विंटल कापसातून ढोबळमानाने एक तृतीयांश रुई निघते. उरलेला बहुतांश भाग सरकीचा. सरकीसह कापूस दूर वाहून नेणे परवडत नाही. म्हणून जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने कापूस पिकतो तेथेच उभे राहिले. एकदा रुईची १७० किलोची गाठ बांधली गेली, की पुढे सूत काढताना वजनात तुलनेने थोडीच घट होते. ही गाठ गुजरातेत वा तामिळनाडूतील सूतगिरणीत नेणे व्यवहार्य ठरते. म्हणजे साखळीतील कमी मूल्यवर्धनाची पायरी कापसाच्या प्रदेशात राहते आणि सूत, कापड, तयार कपडे या अधिक मूल्याच्या पायऱ्या बाहेर जाऊ शकतात. त्या बाहेरच का जातात, हे पुढील मुद्द्यांवरून कळेल.

४.३.३ अडसर कोठे आहेत?

(अ) खेळते भांडवल : कापूस वर्षातील काही महिन्यांतच बाजारात येतो, गिरणी मात्र वर्षभर चालवायची असते. त्यामुळे हंगामात मोठी खरेदी करून पैसा अडकवावा लागतो. समजा, दोन गिरण्यांनी प्रत्येकी १० कोटी रुपयांचा कापूस सहा महिन्यांसाठी कर्जाने घेतला आणि एकीला व्याजदर ३ टक्क्यांनी अधिक पडला. कौशल्य आणि कष्ट समान असूनही तिचा खर्च १५ लाख रुपयांनी वाढतो.

(आ) तारण : बँक कर्ज देते ते तारणाच्या मूल्यावर. लहान गावातील जागेचे मूल्यांकन महानगरातील जागेपेक्षा कमी होते. उद्योजकाची कल्पना कितीही चांगली असली, तरी त्याची पत त्याच्या गावातील जमिनीच्या भावाने ठरते.

(इ) समूहाचा अभाव : इचलकरंजीत १९०४ मध्ये संस्थानी आश्रयाने पहिला यंत्रमाग सुरू झाला. पुढील शतकात तेथे कारागीर, दुरुस्ती करणारे, सुट्या भागांचे विक्रेते, सूतव्यापारी आणि दलाल एकत्र आले. तेथे माग बिघडला तर दुरुस्ती करणारा हाकेच्या अंतरावर मिळतो. जेथे असा समूह नाही, तेथे तोच माग सुटा भाग येईपर्यंत बंद राहतो. पहिल्या उद्योजकाला हा खर्च एकट्याने सोसावा लागतो, म्हणून पहिला होण्यास कोणी धजत नाही.

४.३.४ अंतर की धोरण?

‘मुंबईपासूनचे अंतर’ हे कारण नेहमी पुढे केले जाते. परंतु जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली ती नागपुरात. कारण कापूस जवळ होता, इंधन आणि जमीन स्वस्त होती आणि रेल्वे पोहोचली होती. अंतर तेव्हाही तेवढेच होते. मात्र भांडवल उभे करू शकणारा उद्योजक आणि जवळिकीचा लाभ, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या.

विजेच्या बाबतीत पुढे हा लाभ उरला नाही. चंद्रपूर व कोराडी येथील औष्णिक केंद्रांतून राज्याला वीज मिळते. राखेचा आणि धुराचा त्रास त्या परिसराला होतो. राज्यभर समान वीजदर असल्याने उद्योगांना मात्र या सान्निध्याचा वेगळा फायदा मिळत नव्हता. समान दराचे तत्त्व न्याय्य वाटते, तरी त्याचा परिणाम सर्वत्र समान नसतो. येथे अंतर ही अडचण आहे. दर हा निर्णय आहे.

४.३.५ प्रोत्साहन योजनांची मर्यादा

महाराष्ट्र शासनाने १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. पुढे तालुक्यांचे औद्योगिक स्थितीनुसार गट पाडून मागे पडलेल्या तालुक्यांतील उद्योगांना अधिक सवलती देण्यात आल्या. या योजनेमुळे अनेक ठिकाणी कारखाने आले, हे नाकारता येत नाही. तथापि, भांडवली अनुदान हे उभारणीचा खर्च कमी करते. व्याज, वाहतूक, दुरुस्ती हे खर्च मात्र दरवर्षीचे असतात. एकदाच मिळणाऱ्या मदतीने कायमचा अडसर दूर होत नाही. विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना २०१६ पासून देण्यात आलेली वीजदर सवलत किंवा अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथील वस्त्रोद्योगांचा समूह हे उपाय चालू खर्चाला व समूहाच्या अभावाला भिडतात, म्हणून त्यांचा स्वतंत्र अभ्यास केला पाहिजे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. जिनिंग कारखाने कापसाच्या प्रदेशातच का उभे राहिले?
२. ‘अनुशेष’ या संज्ञेचे महत्त्व आणि मर्यादा प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.

४.४ सारांश

उद्योग न वाढण्याचे खापर लोकांच्या वृत्तीवर फोडण्यापूर्वी त्यांना पडणारा खर्च तपासावा लागतो. भांडवल, तारण, समूह आणि दर यांतील प्रतिकूलतेमुळे समान कष्टांचे फळ असमान मिळते. हे वर्षानुवर्षे घडत राहिले, की माणसे धोका पत्करणे सोडतात; आणि मग हा परिणामच कारण म्हणून सांगितला जातो. ‘उद्यमशीलता कमी आहे’ हे वाक्य म्हणूनच उत्तर ठरत नाही. त्यापुढे ‘कशामुळे?’ असे विचारावे लागते.

४.५ पारिभाषिक शब्द

खेळते भांडवल : दैनंदिन उत्पादनासाठी लागणारा पैसा.
मूल्यवर्धन : प्रक्रियेमुळे मालाच्या किमतीत होणारी वाढ.
तारण : कर्जाच्या हमीसाठी दिलेली मालमत्ता.

४.६ स्वाध्याय

तुमच्या तालुक्यात पिकणारा किंवा तयार होणारा एक माल निवडा. तो कोणत्या पायरीवर तालुक्याबाहेर जातो, हे स्थानिक व्यापारी अथवा कारखानदार यांच्याशी बोलून समजून घ्या. आढळलेल्या अडथळ्यांची ‘अडचण’ व ‘अडसर’ अशी वर्गवारी करून सुमारे ३०० शब्दांत टिपण लिहा. टिपणात ‘मागास’ हा शब्द वापरू नका. त्याच्या जागी प्रत्येक वेळी नेमके काय लिहावे लागले, याची शेवटी नोंद करा.