प्रवासी घडविणारी रेल्वे : जपानमधील हानक्यूचा इतिहास

रेल्वेचा इतिहास शिकविताना आपण बहुधा इंजिने, रूळ आणि पूल यांविषयीच बोलतो. रूळ टाकले की प्रवासी आपोआप येतात, असे आपण गृहीत धरतो. जपानमधील ओसाका येथील हानक्यू या खासगी रेल्वे कंपनीचा इतिहास या समजुतीला छेद देतो. म्हणूनच तो आम्ही येथे अभ्यासासाठी निवडला आहे.

ही कंपनी 1907 मध्ये मिनोओ-आरिमा विद्युत ट्रामवे या नावाने स्थापन झाली. रशिया-जपान युद्धानंतरची तेजी तेव्हा ओसरली होती आणि कंपनीच्या जवळपास निम्म्या शेअरना गिऱ्हाईक मिळत नव्हते. ओसाका ते कोबे हा दाट वस्तीचा मार्ग दुसऱ्या एका कंपनीकडे होता. मिनोओ-आरिमाच्या वाट्याला शेते, टेकड्या आणि लहान खेडी आली. अशा मार्गावर गाडीत बसणार कोण, हा शेअरधारकांचा प्रश्न रास्तच होता.

या प्रश्नाचे उत्तर इचिझो कोबायाशी (1873-1957) यांनी शोधले. मित्सुई बँकेतील नोकरी सोडून आलेल्या या गृहस्थाने नियोजित मार्ग पायी चालून पाहिला. जमीन स्वस्त होती, हवा स्वच्छ होती आणि पलीकडे ओसाका कारखान्यांच्या धुराने कोंदटले होते. गावे नाहीत, तर ती आपणच वसवावीत, असे त्यांनी ठरविले. रूळ टाकण्याबरोबरच मार्गालगतची जमीन खरेदी करण्यात आली. 10 मार्च 1910 रोजी गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षी इकेदा येथील घरे विक्रीस निघाली. किमतीचा काही भाग आधी भरावयाचा आणि उरलेली रक्कम दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांनी फेडावयाची, अशी सोय होती. त्यामुळे हाती मोठी पुंजी नसलेला पगारदारही घरमालक होऊ शकला, आणि तोच रोजचा प्रवासीही झाला.

परंतु नोकरदार सकाळी शहराकडे जातो आणि संध्याकाळी परततो; इतर वेळी व सुटीच्या दिवशी डबे रिकामेच राहतात. त्यावर उपाय म्हणून मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, ताकाराझुका येथे, 1911 मध्ये गरम पाण्याचे नवे स्नानगृह उघडले. तेथील पोहण्याचा तलाव मात्र थंड पाण्यामुळे चालला नाही. तेव्हा तोच झाकून रंगमंच व प्रेक्षागृह करण्यात आले. 1913 मध्ये मुलींचे गायनपथक उभे राहिले आणि 1914 मध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. आज जगभर ओळखली जाणारी ताकाराझुका रंगभूमी ती हीच. 1929 मध्ये उमेदा स्थानकावर कंपनीने स्वतःचे मोठे दुकान उघडले. त्याच वर्षी कोबे शहरातील क्वान्सेइ गाकुइन ही शिक्षणसंस्था कंपनीच्या सहकार्याने उएगाहारा येथे गेली. विद्यार्थ्यांमुळे सकाळी उलट दिशेच्या गाड्यांनाही प्रवासी मिळाले. शाळा-महाविद्यालये रेल्वेला कशी पोसतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

आणखी एक प्रसंग नोंदविण्याजोगा आहे. जागतिक मंदीच्या काळात त्या दुकानाच्या भोजनगृहात काही ग्राहक फक्त साधा भात मागवीत आणि मेजावरील सॉस ओतून तो खात. इतर कोणी अशांना हाकलले असते. कोबायाशींनी त्यांचे स्वागत करावयास सांगितले. आजचा गरजू हा उद्याचा ग्राहक आहे, हे त्यांनी जाणले होते. यात माणुसकी होती, तसाच व्यापारही होता. दोहोंपैकी एकच पाहणे म्हणजे इतिहास अर्धा वाचणे होय.

या यशाला दुसरी बाजूही आहे. हप्ता फेडण्यास नियमित पगार लागतो. रोजंदारीवर जगणाऱ्या कामगाराला ही हिरवी वसाहत दुरूनच पाहावी लागणार, हे उघड आहे. शिवाय गाडी आल्यामुळे जमिनीची जी किंमत वाढली, तिचा मोठा लाभ गाडी येणार हे आधी ठाऊक असलेल्या कंपनीच्या पदरात पडला.

आमच्या मते या इतिहासाचे सार येथेच आहे. दळणवळण नुसती माणसे वाहून नेत नाही, ते जमिनीचे मोल आणि माणसांचे स्थानही बदलते. म्हणून आपल्या परिसरात नवा रस्ता वा नवे स्थानक होणार असे कळताच विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी तीन प्रश्न विचारावेत : लगतची जमीन आज कोणाची आहे? उद्या ती कोणाची असेल? आणि वाढलेल्या मोलाचा वाटा कोणाला मिळेल? हे प्रश्न वेळेवर विचारता येणे, हीच इतिहास शिकल्याची खरी खूण होय.